एदमोंद शार्ल-रू : कपड्याचं अस्तर उलटून बघणारी इतिहासलेखिका

उभाआडवा

गेली बावीस वर्षं मी हौशी नाटकांची वेशभूषा करते. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, कधी शाळेचं गॅदरिंग. "कपड्यांचं काय, शेवटच्या आठवड्यात बघू" हे वाक्य या काळात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. पात्र रंगमंचावर आलं की तोंड उघडायच्या आधी त्याचे कपडे बोलायला लागतात. कुठल्या घरातलं, काय मिरवतंय, काय लपवतंय. हे जिला पुरतं कळलं होतं आणि जिने त्यावर आयुष्यभर लिहिलं, अशा एका फ्रेंच लेखिकेबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. मराठीत तिच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

एदमोंद शार्ल-रू. जन्म १७ एप्रिल १९२०, पॅरिसला लागून असलेल्या नयी गावी. मृत्यू २० जानेवारी २०१६, मार्सेय. वडील फ्रांस्वा शार्ल-रू मुत्सद्दी. आधी प्रागला, मग १९३२पासून व्हॅटिकनमध्ये फ्रान्सचे राजदूत. त्यामुळे ही मुलगी वाढली ती प्राग आणि रोममध्ये. १९४०च्या ऑक्टोबरात वडिलांनी जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारशी न पटल्यामुळे परराष्ट्र खात्यातलं सर्वोच्च प्रशासकीय पद सोडलं. तोवर मुलगी रणांगण बघून आली होती. युद्ध सुरू झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. परिचारिका म्हणून नाव नोंदवलं, फॉरेन लीजनच्या (परदेशी सैनिकांच्या फ्रेंच दलाच्या) पलटणीबरोबर गेली आणि व्हर्डनला जखमी झाली. बरी झाल्यावर मार्सेयमधल्या प्रतिकार चळवळीत. १९४४मध्ये दोस्त सैन्य दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांसच्या किनाऱ्यावर उतरल्यावर पुन्हा सैन्याबरोबर, यावेळी थेट ऑस्ट्रियापर्यंत, आणि तिथे दुसऱ्यांदा जखमी. लढाईतल्या शौर्याचं पदक मिळालं, लीजनने मानद कॉर्पोरल केलं. तो बिल्ला ती म्हातारपणीही अभिमानाने लावायची.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं. कारण पुढे लोक तिला 'फॅशनवाली बाई' म्हणून ओळखणार होते.

१९४६मध्ये ती 'एल' या नव्या साप्ताहिकात लागली. एलेन लाझारेफ यांनी ते आदल्याच वर्षी काढलं होतं. दोनेक वर्षांत तिथून 'वोग' या फॅशन मासिकाच्या फ्रेंच आवृत्तीत. तिथले संपादक मिशेल द ब्रुनोफ. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये मासिक काढायचं नाही म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं होतं, आणि १९४४मध्ये त्यांचा तरुण मुलगा जर्मनांच्या हातून मारला गेला होता. (लहान मुलांचा लाडका बाबार हत्ती ज्यांनी काढला ते जाँ द ब्रुनोफ यांचे भाऊ.) कापड अजून रेशनवर, आणि १९४७च्या फेब्रुवारीत फॅशनकार दिओरने घेरदार, वारेमाप कापडाचे झगे आणलेले. त्याच वर्षी, ब्रेडही रेशनवर असलेल्या पॅरिसमध्ये, लपीक रस्त्यावर तसा झगा घालून फोटो काढणाऱ्या मॉडेलचे कपडे चिडलेल्या बायकांनी फाडले होते. कपडा हा किती गंभीर विषय आहे हे एदमोंदला पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षात दिसलं.

१९५४मध्ये ती संपादक झाली आणि बारा वर्षं राहिली. गी बूर्दँ नावाच्या कुणालाच माहीत नसलेल्या तरुणाचे फोटो 'वोग'ने १९५५च्या फेब्रुवारीत छापले: डोक्यावर नाजूक टोपी घातलेली मॉडेल, आणि मागे खाटकाच्या दुकानात टांगलेली वासरांची मुंडकी. आजही ते चित्र अंगावर येतं. विल्यम क्लाइन, हेन्री क्लार्क, अर्व्हिंग पेन हे याच पानांवर. सप्टेंबर १९६५च्या मुखपृष्ठावर फॅशनकार इव्ह सां-लोराँचा तो प्रसिद्ध माँद्रियान झगा. तिच्या मासिकात साहित्य आणि कला ही फॅशनच्या शेजारी एकाच पंगतीला बसायची.

१९६६मध्ये तिला काढून टाकलं. मुखपृष्ठावर एका कृष्णवर्णीय मॉडेलचा फोटो छापायचा आग्रह तिने धरला होता, मालकांना ते मान्य नव्हतं. ती मागे हटली नाही.

त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी आली, 'उब्लिए पालेर्म', म्हणजे 'पालेर्मो विसरणं'. न्यूयॉर्कमधल्या एका बायकांच्या मासिकात काम करणारी सिसिलीची जान्ना, आणि तिच्या पोटात जिवंत असलेलं गाव. या कादंबरीला गोंकूर पुरस्कार मिळाला. नोकरी गेली त्याच वर्षी फ्रान्समधला सगळ्यात मानाचा साहित्यपुरस्कार. तोवर फक्त चार बायकांना तो मिळाला होता: एल्सा त्रिओले, बेआत्रिक्स बेक, सिमोन द बोव्हुआर, आना लांगफ्यूस.

पण मला तिचं सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९७४चं पुस्तक. 'कोको' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फॅशनकार गाब्रिएल शनेलचं चरित्र, 'लिरेग्युलिएर'. या शब्दाचा अर्थ 'रीतीबाहेरची'. त्या काळी लग्नाविना कुणाच्या आश्रयाने राहणाऱ्या बाईलाही हाच शब्द लावत. शनेलने स्वतःच्या लहानपणाविषयी हयातभर खोटं सांगितलं. वडील नशीब काढायला अमेरिकेला गेले, मला दोन कडक मावश्यांनी वाढवलं, वगैरे. मोठमोठे लेखक तिच्या आठवणी लिहून घ्यायला बसले आणि तिच्या रचलेल्या गोष्टी ऐकत राहिले. एदमोंद संपादक म्हणून शनेलला वर्षानुवर्षं जवळून ओळखत होती. तरी ती शनेलच्या तोंडच्या गोष्टीवर थांबली नाही. ती गेली दप्तरांकडे.

१९ ऑगस्ट १८८३, सोम्यूर. गरिबांच्या दवाखान्यात जन्म. बाप फिरस्ता विक्रेता, गाडी घेऊन बाजारोबाजार हिंडणारा. तो हजर नव्हता, आई अंथरुणावर. जन्माची नोंद करायला गेले दवाखान्यातले नोकर, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून आडनाव चुकीचं पडलं, 'शनेल'च्या मधे एक जास्तीचं अक्षर. ती चूक तशीच राहिली. आईवडिलांचं लग्न त्यानंतरच्या वर्षी. एदमोंद आणखी मागे जाते, सेव्हेनच्या डोंगरातल्या पोंतेय या खेड्यात, जिथे शनेलच्या पूर्वजांचा गुत्ता होता. चेस्टनटच्या झाडांवर रोग पडला, गाव उठलं, आणि हे कुटुंब रस्त्यावर आलं ते रस्त्यावरच राहिलं. १८९५मध्ये आई गेली. बापाने मुलींना ओबाझीनच्या ख्रिस्ती जोगिणींच्या अनाथालयात सोडलं आणि तो परत आला नाही.

आता शनेलचे कपडे आठवा. काळा, पांढरा, बेज. फार झालरी नाहीत. श्रीमंत बायकांना तिने अनाथालयातल्या मुलीसारखं, दुकानात काम करणाऱ्या पोरीसारखं सजवलं. तिने जिभेने जे लपवलं ते कात्रीने सांगून टाकलं. एदमोंदचं पुस्तक वाचल्यावर मला हे दिसलं आणि नंतर कुठलाही जुना कपडा मी पूर्वीच्या डोळ्यांनी पाहिला नाही.

आधी इतकंच. पुढचं प्रतिसादांत लिहीन.

खिडकीपाशी

छान लिहिलंयस ताई. 'कोको बिफोर शनेल' हा २००९चा सिनेमा बघितला होता, ऑद्रे तोतू होती त्यात. तो याच पुस्तकावरून ना? मला वाटायचं दिग्दर्शिकेनेच शोधून काढलंय सगळं.

उभाआडवा

हो, याच पुस्तकावर आधारलेला आहे. 'उब्लिए पालेर्म'वरूनही फ्रांचेस्को रोझी यांनी १९९०मध्ये इटालियन चित्रपट केला.

शिंपीकाम

माझा शिवणक्लास आहे, तीस वर्षं शिकवतेय. 'कात्रीने सांगून टाकलं' हे वाक्य मुलींना वाचून दाखवलं.

थोडी धंद्यातली भर घालते. शनेलने पहिल्या महायुद्धात जे जर्सी कापड वापरलं ते म्हणजे आपण ज्याला होजिअरीचं कापड म्हणतो ते. तोवर त्याचा उपयोग मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी. रोदिए नावाच्या कारखानदाराकडे असा माल पडून होता, तो तिने उचलला. हे कापड बेतायला वाईट. कडा गुंडाळते, ताणलं की माप सुटतं. त्यावर कंबरपट्टी आवळून बसवता येत नाही, म्हणून तिने कंबरच सैल सोडली. म्हणजे 'स्त्रीमुक्तीचा पोशाख' वगैरे जे म्हणतात त्यात निम्मा वाटा त्या कापडाच्या स्वभावाचा आहे. महायुद्धात चांगलं कापड मिळत नव्हतं, हाताशी होतं त्यातून तिने बेतलं. गरिबीत वाढलेल्या बाईलाच हे सुचतं.

आणि तिचं ते १९५४नंतरचं जाकीट. अस्तर ट्वीडच्या लोकरी कापडाला ओळीओळीने टिपलेलं असतं, त्यामुळे आत वेगळा सांगाडा लागत नाही. खालच्या घेराला आतून बारीक साखळी शिवलेली असते, जाकीट सरळ पडावं म्हणून. मुंढा उंच आणि बाही अरुंद, तरी हात वर केला की जाकीट वर चढत नाही. खिसे खरे, गुंड्यांना काजं खरी. दिखाऊ काज तिला चालत नसे. मी एकदा विद्यार्थिनींना तसा मुंढा बसवायला लावला, चार वेळा उसवून पाचव्यांदा जमला.

उभाआडवा

शिंपीकाम ताई, हे सोन्यासारखं आहे. 'हाताशी होतं त्यातून बेतलं' हेच एदमोंदही दाखवते, फक्त तिच्याकडे कारण म्हणून पोंतेयपासूनची तीन पिढ्यांची गरिबी आहे आणि तुमच्याकडे कापडाची कड. दोन्ही एकत्र वाचायला हवं.

सांजसावली

लेख आवडला, पण एक गोष्ट मनाला टोचतेय, ती लिहिते. रागावू नका.

एका बाईने स्वतःची गरिबी, आईचं मरण, बापाने टाकणं हे सगळं जन्मभर झाकून ठेवलं. तिला ते झाकायचं होतं. ती गेल्यावर तीन वर्षांत तिच्याच ओळखीच्या दुसऱ्या बाईने, तीही राजदूताच्या घरात वाढलेल्या, हे सगळं उघडं केलं. हे बरोबर आहे का? माझी आजी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. आईने ते आम्हाला कधी सांगितलं नाही, मावशीने सांगितलं. आई त्यानंतर मावशीशी कित्येक दिवस बोलली नव्हती. मला आईचं बरोबर वाटतं की मावशीचं, अजून ठरवता येत नाही.

जुनीपानं

सांजसावली, तुमचा प्रश्न खरा आहे. पण शनेलच्या बाबतीत झाकलेली गोष्ट फक्त गरिबी नव्हती.

१९३९मध्ये तिने शिवणघर बंद केलं, हजारो कामगार बायका घरी बसल्या. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ती रिट्झ हॉटेलमध्ये राहिली, हान्स ग्युंथर फोन डिंकलागे या जर्मन अधिकाऱ्याबरोबर. अत्तराच्या कंपनीतले तिचे भागीदार ज्यू होते, ती कंपनी ताब्यात घ्यायला तिने नाझींच्या वंशकायद्यांचा आधार घेऊन पाहिला. १९४४च्या सुरुवातीला शेलेनबर्ग या नाझी एसएस संघटनेच्या गुप्तहेरप्रमुखाच्या संमतीने ती माद्रिदला गेली, चर्चिलपर्यंत निरोप पोहोचवायच्या प्रयत्नात. त्या मोहिमेचं नाव 'मोडेलहूट'. शार्ल-रूंनी १९७४मध्ये हे छापलं तेव्हा फ्रान्समध्ये असं काही बोलायची रीत नव्हती. पुढे दप्तरं खुली झाली तेव्हा आणखी बरंच बाहेर आलं, पण वाट या पुस्तकाने पाडली.

आणि लिहिणारी कोण, तर जर्मनांशी लढताना दोनदा जखमी झालेली. तिने मनात आणलं असतं तर शनेलला फाडून खाल्लं असतं. तसं तिने केलं नाही. मला वाटतं चरित्रकाराने कसं वागावं याचा हा नमुना आहे.

एक दुरुस्तीही नोंदवतो. ओबाझीनमधल्या वास्तव्याला लेखी पुरावा अपुरा आहे, तो भाग बराचसा तोंडी माहितीवर उभा आहे आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जन्माची नोंद, आईवडिलांचं लग्न यांसारखा तो पक्का धरू नये.

उभाआडवा

जुनीपानं, दुरुस्ती मान्य. मूळ लेखात मी ते फार ठामपणे लिहिलं. काळा-पांढरा रंग थेट अनाथालयातून आला हेही अनुमानच आहे. मला ते पटतं, पण माझ्या पटण्याने ते सिद्ध होत नाही.

सांजसावली, रागावण्याचा प्रश्नच नाही, काल दिवसभर तुमच्या प्रतिसादाचाच विचार करत होते. तुमच्या आईने मुलांपासून लपवलं, ते तिचं घर, तो तिचा अधिकार. त्यात कुणी नाक खुपसू नये. शनेलने मात्र एक नवी गोष्ट रचून ती विकली. तिची ती रचलेली गोष्ट अत्तराच्या बाटलीबरोबर जगभर गेली. आणि त्या गोष्टीत तिच्या आईला, झान देव्होलला, जागाच नव्हती. बाजारोबाजार नवऱ्यामागे फिरून, मुलांवर मुलं होऊन, तिशी-बत्तिशीत ब्रीव्हला मेलेली बाई. एदमोंदने तिला परत आणलं. पुस्तक वाचताना मला शनेलपेक्षा झानसाठी रडू आलं होतं.

राजदूताच्या मुलीने गरिबाघरचं लिहावं का, हा तुमच्या म्हणण्यातला दुसरा भाग. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगते की त्या पानांवर कीव नाही. बाजारांची नावं आहेत, अंतरं आहेत, विकायचा माल आहे.

सांजसावली

झानचं वाचून थांबले. हे पुस्तक मिळवून वाचेन.

मार्सेयवासी

इथे सहा वर्षं आहे, नोकरीनिमित्त. एदमोंद शार्ल-रू हे नाव इथे ऐकलं होतं ते महापौरांची बायको म्हणून. गास्तों देफेर, मार्सेयचे १९५३ ते १९८६ सलग महापौर, राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या काळात गृहमंत्री, विकेंद्रीकरणाचा कायदा त्यांचाच. त्यांच्याशी तिने १९७३मध्ये लग्न केलं. मार्सेयमधल्या रोलाँ पतीच्या बॅले कंपनीसाठी तिने कथानकंही लिहिली.

पण मला लिहायचंय तिच्या आजोबांबद्दल, कारण ते या धाग्याशी जास्त जुळतं. झ्यूल शार्ल-रू, मार्सेयचे साबण कारखानदार, पुढे मोठ्या जहाज कंपनीचे अध्यक्ष. कवी मिस्त्रालचे स्नेही. या उद्योगपतीने 'प्रोव्हांसमधला पोशाख' या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिलाय! तिथल्या आर्ल गावच्या बायकांची टोपी कशी बांधायची, खांद्यावरच्या वस्त्राला किती चुण्या, पिढीगणिक काय बदललं. म्हणजे कपड्यातून इतिहास वाचण्याचं बाळकडू नातीला घरातच मिळालं असणार.

आणि या पोशाखाचं कापड कुठलं? इथे त्याला 'अँदिएन' म्हणतात, शब्दशः 'भारतीय'. सतराव्या शतकात सुरतेकडून आणि पूर्व किनाऱ्यावरून छापील सुती कापड मार्सेयच्या बंदरात उतरायला लागलं. फ्रेंच बायका इतक्या वेड्या झाल्या की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसायला आला. १६८६मध्ये राजाने हे कापड आणायला आणि छापायलाही बंदी घातली, ती १७५९पर्यंत टिकली. तरी लोक चोरून आणत आणि घालत. आज इथल्या बाजारात पर्यटकांना 'प्रोव्हांसचं पारंपरिक कापड' म्हणून पिवळे-निळे टेबलक्लॉथ विकतात, त्यावरची कोयरी आपली आहे. बोरेली वाड्यातल्या संग्रहालयात जुने कपडे पाहताना मला आजीचं गोधडीचं गाठोडं आठवलं.

शिंपीकाम

मार्सेयवासी, आमच्याकडे त्याला 'चीट' म्हणायचे. चिटाचा परकर, चिटाची चोळी. इंग्रजांचं चिंट्झही त्याच शब्दावरून. तिकडच्या राजाने बंदी घातली होती हे आजच कळलं. ज्या कापडावर बंदी आली ते आमच्याकडे रोजचं, पाणी भरताना नेसायचं.

सह्यकडा

अवांतर: मार्सेय म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलं मार्सेलिस! ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ते हेच बंदर. या लेखिकेचे आजोबा तेव्हा हयात होते, त्याच शहरातले बडे प्रस्थ. आपल्याला त्या शहराचं फक्त ते एकच दृश्य माहीत. त्याच शहरात त्याच्या दोनअडीचशे वर्षं आधी आपलं कापड उतरत होतं, हे आज कळलं.

खिडकीपाशी

अशी पुस्तकं मराठी वेशभूषेवर आहेत का?

जुनीपानं

गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर मोठा ग्रंथ लिहिला, शिल्पं आणि चित्रांचा आधार घेऊन. मालवणचे, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. पण तो इंग्रजीत आहे, आणि तो पोशाखांचा अभ्यास आहे. एका माणसाच्या कपड्यातून त्याचं आयुष्य उलगडणारं, शार्ल-रूंसारखं, मराठीत मी तरी वाचलेलं नाही.

खिडकीपाशी

आणि उभाआडवा ताई, त्या कृष्णवर्णीय मॉडेलच्या मुखपृष्ठाचं पुढे काय झालं? दुसऱ्या कुणी छापलं का?

उभाआडवा

गंमत नाही, दुःख आहे. लंडनच्या 'वोग'ने त्याच वर्षी, मार्च १९६६च्या अंकावर डोनियेल लूनाला घेतलं. अमेरिकन आवृत्तीने १९७४मध्ये बेव्हर्ली जॉन्सनला. पॅरिसच्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय मॉडेल आली ती ऑगस्ट १९८८मध्ये, नाओमी कॅम्पबेल. तेही इव्ह सां-लोराँने जाहिराती काढून घेण्याची धमकी दिल्यावर. एदमोंदने नोकरी घालवली त्यानंतर बावीस वर्षांनी! ज्या सां-लोराँला तिने पहिल्यापासून उचलून धरलं होतं त्यानेच शेवटी ते घडवून आणलं, एवढं एक समाधान.

राहिलेलं लिहून टाकते. १९८३मध्ये ती गोंकूर पुरस्कार देणाऱ्या गोंकूर अकादमीवर निवडून आली आणि २००२ ते २०१४ अध्यक्ष होती, कोलेतनंतरची दुसरी स्त्री अध्यक्ष. वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत. दर नोव्हेंबरात द्रुआँ हॉटेलात जेवणाच्या टेबलावर निकाल ठरतो, बक्षिसाची रक्कम आजही दहा युरो. तिच्याच कारकिर्दीत, २००८मध्ये, प्रकाशनसंस्थेत पगारी नोकरी करणाऱ्याला परीक्षक होता येणार नाही असा नियम आला. 'ले रूआ मोदी' या गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीमालेसाठी मोरिस द्रुओंनी मदतनीसांचा चमू घेतला होता, त्यात हिचंही नाव होतं. म्हणजे दप्तरं धुंडाळायची सवय शनेलच्या कितीतरी आधीची.

पण मला ज्याबद्दल लिहायला हात शिवशिवतायत ते तिचं इझाबेल एबेरहार्टचं चरित्र. दोन खंड, १९८८ आणि १९९५. इझाबेल १८७७मध्ये जिनिव्हात जन्मली, आई रशियन. विशीत अल्जीरियाला गेली, इस्लाम स्वीकारला, आणि अरब पुरुषाचे कपडे घालून, सी महमूद या नावाने, घोड्यावरून वाळवंट हिंडली. बुर्नूस म्हणजे तो टोपीवाला लोकरी झगा, डोक्याला फेटा, पायात लाल बूट. त्या कपड्यांमुळे ती मशिदीत, झावियात (सूफी मठात), सैनिकांच्या तळावर, कॉफीच्या टपरीवर बसू शकली. युरोपियन झग्यात यातली एकही जागा तिला उघडी नव्हती. फ्रेंच अधिकारी त्या कपड्यांवरच चिडत. अरब लोक, ही बाई आहे हे बहुतेकांना माहीत असूनही, तिला महमूद म्हणत आणि जागा देत.

शनेलने पुरुषांच्या कपाटातली जर्सी उचलून बायकांना मोकळं केलं, इझाबेलने पुरुषाचा अख्खा पोशाखच चढवला. एकाच लेखिकेला या दोघी सापडाव्यात हा योगायोग मला वाटत नाही. केस घट्ट अंबाड्यात बांधून फिरणाऱ्या, लीजनचा बिल्ला लावणाऱ्या या बाईला, कपडा बदलला की कुठली दारं उघडतात आणि कुठली बंद होतात, हे स्वतःच्या अंगावर कळलं होतं.

२१ ऑक्टोबर १९०४ला ऐन सेफ्रा इथे वाळवंटात अचानक पूर आला. इझाबेलचं मातीचं घर कोसळलं आणि ती त्यात गेली. सत्तावीस वर्षांची होती. जनरल ल्योते यांनी सैनिक लावून चिखलातून तिची हस्तलिखितं काढवली. ती ज्याच्या हाती गेली त्या संपादकाने, बारुकाँने, त्यात स्वतःची वाक्यं घुसडून १९०६मध्ये छापलं.

सांजसावली

म्हणजे तिच्यावर मेल्यानंतर दुसऱ्याचे कपडे चढवले.

उभाआडवा

हो. एदमोंदने तिची पत्रं, रोजनिशा, लष्करी दप्तरं एकेक काढून शोधली ती यासाठीच, असं मला वाचताना सारखं वाटत होतं.

शिंपीकाम

ताई, तो बुर्नूस कसा बेततात याचं चित्र त्या पुस्तकात आहे का? मला वाटतं अर्धवर्तुळी घेर असणार, खांद्याला शिवण नसणार. असेल तर फोटो टाका. पुढच्या रविवारी मुलींना मांजरपाटावर कापून दाखवते.